फीत कापण्याआधीची कळ

पोटाचा रुग्ण सोबत साक्षीदार घेऊन आलेला मी माझ्या साऱ्या नोकरीत एकदाच पाहिला.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत मी डॉक्टरकी केली. अशा डॉक्टरणीने दिवाळी अंकात काय लिहावं, हे साधारण ठरलेलं असतं: सर्पदंश, पूर, पुरातलं बाळंतपण. हे सगळं माझ्या वाट्याला आलं. पण त्याबद्दल माझे सत्कार होऊन गेले आहेत, आणि सत्कारात ऐकवून झालेली गोष्ट पुन्हा लिहायला घेतली की तिला शालीचा वास येतो. म्हणून ज्या आजाराबद्दल मला कुणी नारळही दिला नाही, त्याबद्दल लिहिते. आमच्या ओपीडीत साप क्वचित यायचा. पोट रोज यायचं.

तर साक्षीदार. एका सकाळी माझ्या खोलीत पाच पुरुष एकदम घुसले. चौघांच्या हातात काठ्या, आणि मध्ये खाकी गणवेशातला एक तरुण, मान खाली घालून. मला वाटलं, मारामारीचं प्रकरण. मी पोलीस केसचे कागद काढायला सांगणार, तेवढ्यात काठीवाल्यांतले वयस्कर गृहस्थ पुढे आले. हे किसनभाऊ, त्या तरुणाचे शेजारी.

"मॅडम, हा आमचा सोमा पेंदाम. याले पोटाचा त्रास आहे. अन् आमाले याचा त्रास आहे."

त्यांचं गाव वाघाच्या जंगलाला अगदी लागून. गावात घरोघरी संडास बांधून झाले होते, त्यांचे फोटोही काढून झाले होते. पण उन्हाळ्यात पाण्याची बोंब, त्यामुळे आत भाताचं तणस आणि सरपण सुखाने नांदत होतं. माणसं उजाडताना रानाकडेच जात. आणि वाघ असल्यामुळे एकट्याने जायचं नाही, हा गावाचा नियम. चार जण काठ्या घेऊन निघायचे, एक जण पत्र्याचा डबा बडवायचा. ही व्यवस्था दिवसातून एकदा जाणाऱ्या गावासाठी ठीक होती. सोमाला सकाळीच चार-पाचदा जावं लागे.

"आम्ही घरी येऊन चाय तोंडाले लावली का हा पुन्हा दारात हजर," किसनभाऊ म्हणाले. "म्हनते, भाऊ, चाला. डबा वाजवून वाजवून माह्या पोराचा हात दुखून राह्यला, मॅडम. वाघ बी म्हनत असन, काय कटकट लावली बावा यायनं."

"मग एकटा काऊन नाही जात रे?" मी सोमाला विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडीही 'काऊन' बसला होता.

"वाघ आहे ना, मॅडम," सोमा म्हणाला. तो तिथे बोललेला पहिलाच शब्द.

पोटाच्या आजारात निम्मं निदान विचारण्यात असतं, आणि रुग्ण नेमका तिथेच लाजतो. इथे मात्र मला चार प्रत्यक्षदर्शी मिळाले होते. मी माझे ठरलेले प्रश्न सुरू केले.

"रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?"

"नाई!" चौघंही एका सुरात. किसनभाऊंनी पुस्तीही जोडली, "रात्री उठवलं असतं त आम्ही याले वाघाच्या हवाली केलं असतं."

"रक्त पडतं का?"

चौघं एकमेकांकडे पाहू लागले. "तेवढ्या जवळ आम्ही नाई जात, मॅडम." सोमाने स्वतः मान हलवली. रक्त नाही. ताप नाही. वजन? लग्नातली पॅन्ट अजून बसते. दुखतं कुठे? बेंबीखाली मुरडा येतो, जाऊन आलं की हलकं वाटतं, थोड्या वेळाने पुन्हा मुरडा. किती दिवस? वर्ष उलटून गेलं.

"ज्या दिवशी ड्युटी नसते त्या दिवशी?"

किसनभाऊंनी बाकीच्या तिघांकडे बघून मनाशी खात्री केली. "ज्या दिवशी याले जंगलात ड्युटी नसते, त्या दिवशी हा येकच डाव जाते. त्या दिवशी आमी बी आराम करतो." मग स्वतःच चमकून सोमाकडे वळले. "काऊन रे बावा? आमालेच परेशान करतं काय?"

माझं निदान बहुतेक तिथेच झालं. तरी रक्त, शौच, थायरॉइड अशा तपासण्या करून घेतल्या. सगळ्या स्वच्छ आल्या. मी ते आनंदाने सांगितलं, आणि सोमाचा चेहरा उतरला.

"सगळं नॉर्मल आहे म्हनता. मंग मी खोटं बोलून राह्यलो काय, मॅडम?"

हा प्रश्न मी शेकडो तोंडांतून ऐकला आहे. एक मुख्याध्यापक माझ्याकडे यायचे, तपासण्यांची आख्खी पिशवी घेऊन. प्रत्येक नवा रिपोर्ट चांगला आला की ते आणखी खचायचे, कारण घरची मंडळी म्हणायची, बघा, काहीच नाही, नाटकं आहेत. गुरुजींचं पोट शाळा उघडण्याच्या आठवड्यात बिघडायचं आणि दिवाळीच्या सुटीत शहाण्यासारखं वागायचं. ते नाटक नव्हतं. याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. चिडक्या स्वभावाचं आतडं, असं मी सांगत असे. आतड्याला जखम नसते, गाठ नसते, सूज नसते. पण आतडं आणि मेंदू यांचं आपसात जे सतत बोलणं चालू असतं, ते या माणसांत आरडाओरड्याने चालतं. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू यांना कळ देतो. कुणाला जुलाब होतात, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला दोन्ही आळीपाळीने. काळजीने वाढतं, पण केवळ काळजीने होत नाही.

सोमाला मी त्याच्या भाषेत सांगितलं. तो जंगलात पर्यटकांचा गाइड होता. वाघाची चाहूल लागली की चितळ ओरडून इशारा देतं, त्याला तिथे कॉल म्हणतात. म्हटलं, "चितळ कधी पाचोळा वाजला तरी कॉल देतं ना?"

"देते ना. कधी कधी मोर उडाला तरी देते."

"वाघ नसतो. पण चितळाची भीती खोटी असते का?"

"खोटी काऊन असन? ते थरथर कापत असते."

"तुझं आतडं तसलं चितळ आहे."

त्याने हे मनावर घेतलं. किसनभाऊंनी जास्तच घेतलं. पुढे गावात सोमाच्या पोटाला चितळच म्हणू लागले.

पण हे नाव मी कधी सवंगपणे दिलं नाही, आणि त्यामागे एक चेहरा आहे. सिंदेवाहीकडची एक बाई, पन्नाशी ओलांडलेली. पोट बिघडतं, भूक नाही. घरात सून नवी आलेली, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की टेन्शन आहे. माझ्यापर्यंत आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या आणि शौचातून रक्त जात होतं. त्याच दिवशी नागपूरला पाठवली, पण उशीर झाला होता. म्हणून रक्त, ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यातलं काहीही असेल तर चितळ म्हणून सोडायचं नाही. खरंच वाघ आहे का, ते बघायचं.

सोमाला मी जेवणाच्या वेळा बांधून दिल्या. गेटवर उभ्या उभ्या चहाचे कप रिचवणं आणि वर झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे, हे बंद. थोडं इसबगोल. कळ आली तर एक गोळी खिशात. "पुरा बरा होईन काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कमी होईल, मधूनमधून उठेलही, पण जिवाला धोका नाही. किसनभाऊंनी विचारलं, "त आमच्या जिवाचं?"

आता सोमाच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. या जंगलात पर्यटकांना उघड्या जिप्सीतून नेतात. प्रत्येक गाडीत जवळच्या गावातला एक गाइड. गाइडांचे नंबर लागतात, ज्याचा नंबर त्याची गाडी. आत गेल्यावर कुणीही खाली उतरायचं नाही. सगळ्या फेरीत उतरायला एकच जागा, जंगलाच्या मध्यावर, पाणवठ्याजवळ. तिथे संडास. म्हणजे ज्याच्या आतड्याचा काही भरवसा नाही, अशा माणसाने मुद्दाम शोधली तरी याहून वाईट नोकरी सापडली नसती. आणि सोमाला ती फार आवडायची. वडिलांबरोबर मोहफुलं वेचायला जायचा तेव्हापासून त्याला जंगल पाठ होतं.

गंमत अशी की त्याच्या पोटानेच त्याला नामवंत केलं होतं. जंगलात कळ आली की सोमा हात वर करून गाडी थांबवायचा, डोळे मिटायचा, श्वास रोखून बसायचा. पर्यटकांना वाटे, हा वाघाची चाहूल घेतो आहे. सगळे चिडीचूप. मग सोमा डोळे उघडून ड्रायव्हरला म्हणायचा, "चाल, पानवठ्याकडे. जल्दी." आता पाणवठा म्हटला की उन्हाळ्यात वाघ बऱ्याचदा भेटतोच. दोन-चारदा असं झालं आणि गेटवर बोलबाला झाला की या पोराला वाघ आतून जाणवतो. मुंबई-पुण्याचे लोक सोमाचं नाव घेऊन विचारू लागले.

मग एकदा गडबड झाली. पाणवठ्याच्या वाटेवर, रस्त्याला लागून असलेल्या झाडावर बिबट्या पाय लोंबकळत ठेवून झोपलेला. पर्यटक ओरडताहेत, थांबवा, थांबवा. सोमा म्हणतो, थांबायचं नाही. बिबट्या मागे राहिला, कॅमेरे मागे वळले, सोमा पुढे गेला. तक्रार झाली. तिथल्या वनाधिकाऱ्यांनी त्याला बोलावून सांगितलं, आजारी असशील तर घरी बस. आणखी एक तक्रार आली की गाइडांतून नाव काढतो.

पथ्याने आणि गोळीने तो बराच सुधारला. किसनभाऊंच्या मुलाचा हातही सुधारला. पण नाव जाण्याची धास्ती त्याच्या पोटात घर करून बसली, आणि अशी धास्ती चितळाला पाचोळ्याइतकीच पुरेशी असते.

आणि अशातच मोठे पाहुणे यायचे ठरले. कोण ते विचारू नका, नावाआधी 'मा. ना.' आणि नावानंतर गाड्या असत. जंगलात वाघ बघतील आणि मध्यावर नव्याने बांधलेल्या प्रसाधनगृहाचं उद्घाटन करतील, असा कार्यक्रम. होय, संडासाचं. कोनशिला बसवली होती. आणि पाहुण्यांनी ऐकलं होतं की इथे वाघ आतून जाणवणारा एक गाइड आहे, तोच पाहिजे.

सोमा माझ्याकडे आला, यावेळी एकटा. "मॅडम, बिमारीचं सर्टिफिकेट द्या."

"दिलं तर तुझं नाव जाईल."

"नाई दिलं त इज्जत जाईन."

मी त्याला सांगितलं, निघतानाच स्पष्ट बोल: मला पोटाचा त्रास आहे, मध्ये थांबावं लागलं तर थांबू. एवढं एक वाक्य बोललास की अर्धी कळ येणारच नाही. लपवण्याचीच जास्त कळ असते.

"येवढ्या मोठ्या मानसाले? पोटाचं सांगू?"

"त्यांनाही पोट असेलच की."

"फोटोत त दिसते," सोमा म्हणाला. हसला. पण बोलेन असं काही म्हणाला नाही.

मोठा माणूस आला की सरकारी डॉक्टरची ड्युटी लागते. त्याच्या रक्तगटाच्या पिशव्या तयार, अँब्युलन्स तयार, आणि डॉक्टर उन्हात उभी. त्या सकाळी मी ताफ्यातल्या शेवटच्या जिप्सीत औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसले. गेटवर पुष्पगुच्छांची एवढी दाटी झाली की पाहुणे दिसेनात. सोमा पुढे होऊन तोंड उघडणार, तर पाहुण्यांच्या पीएने त्याला बाजूला घेतलं. "विचारलं तेवढंच बोलायचं. समजलं?" सोमाने मान हलवली आणि ते एक वाक्य गिळलं. ते पोटात कुठे जाऊन बसलं असेल, हे मला वैद्यकीयदृष्ट्या माहीत होतं.

मध्यापर्यंत वाघ दिसला नाही. नऊ गाड्यांची धूळ पाहून कुठला वाघ बाहेर येईल? पाणवठ्याजवळ सगळे उतरलो. नवं प्रसाधनगृह झेंडूच्या माळांनी असं सजवलं होतं की लग्नाचा मांडव वाटावा. जुना संडास पाडून टाकलेला. नव्याच्या दाराला लाल फीत. थाळीत कात्री, कात्रीला रिबन. ताफ्यातले सगळे पहाटेपासून निघालेले, वर विश्रामगृहावरचे तर्री-पोहे. प्रत्येकाची नजर त्या दाराकडे, आणि दाराला फीत.

वनाधिकाऱ्यांनी प्रास्ताविक सुरू केलं. "आजचा दिवस या जंगलाच्या इतिहासात..." सोमा पाहुण्यांच्या शेजारी उभा. मला लांबूनही त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. अधिकारी इतिहासातून भूगोलात शिरले, तसा सोमाचा हात आपोआप वर गेला. डोळे मिटले. श्वास थांबला.

अधिकारी अर्ध्या वाक्यात थांबले. पोलीस स्तब्ध झाले. फोटोवाल्यांनी कॅमेरे झाडांकडे फिरवले. एवढा मोठा ताफा, आणि पान पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. पाहुणे सोमाच्या कानाशी वाकून कुजबुजले, "वाघ?"

सोमाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"नाई, साहेब," तो म्हणाला. शांततेत ते शेवटच्या पोलिसापर्यंत पोचलं. "पोट. मले पोटाची बिमारी आहे. मले आत्ताच जाचं आहे."

पीए पुढे धावला. अधिकारी म्हणाले, "सोमा! फीत कापल्याशिवाय आत जाता येत नाही. साहेबांच्या शुभहस्ते..."

पाहुण्यांनी सोमाकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं, हातातल्या भाषणाच्या कागदांकडे पाहिलं. मग थाळीतली कात्री उचलून सोमाच्या हातात दिली. "अहो, ज्याला गरज आहे त्याच्या शुभहस्ते होऊ द्या."

सोमाने फीत कापली आणि आत जाऊन कडी लावली. फीत कापली की टाळ्या वाजवायच्या, या सवयीने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपतात न संपतात तोच चितळाने कॉल दिला. मग दुसऱ्याने. मग वानरं. झाडीतून एक वाघीण बाहेर आली, सावकाश, रस्त्याची मालकीण असल्यासारखी. मान्यवर, पोलीस, पीए, सगळे जी गाडी दिसली तीत चढले. अधिकारी माझ्या पेटीवर बसले. वाघीण झेंडूच्या माळांखाली थांबली. कोनशिलेपाशी गेली, हुंगली, वळली, शेपूट उंच केली आणि मान्यवरांच्या सगळ्या नावांवर नीट, भरपूर फवारा मारला. हद्द आखायची वाघांची हीच पद्धत. मग पाणवठ्यावर पाणी पिऊन निघून गेली.

पाहुणे हसत होते. असे हसत होते की त्यांची जिप्सी हलत होती.

वाघीण दिसेनाशी झाल्यावर आतून आवाज आला, "मॅडम, बाहेर काय होऊन राह्यलं?"

"वाघीण येऊन गेली, सोमा. तुझं चालू दे."

"हो. मले आज काहीच घाई नाई."

आणि खरोखर त्याने घाई केली नाही. बाहेर नऊ गाड्या त्याची वाट पाहत होत्या, आणि तो नव्या नळाखाली साबणाने हात धूत असल्याचा आवाज आम्हाला येत होता. कडी निघाली. सोमा बाहेर आला, सगळ्यांचे खिळलेले डोळे पाहून क्षणभर बावरला, वाघीण गेली त्या दिशेला बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, "गेली. आता कोनाले जाचं आहे?"

सगळ्यांत आधी पीए उतरला. त्याच्यामागे दोन पोलीस. मग अशी रांग लागली की प्रोटोकॉलमध्ये कुणाच्या आधी कोण, हे कुणी पाहिलं नाही. पाहुणे मधोमध कुठेतरी उभे होते. रांगेच्या शेपटाला वनाधिकारी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. सोमा त्यांच्याजवळून जाऊ लागला तसं त्यांनी त्याला हाक मारली.

"सोमा, उद्या सकाळी तुझा नंबर. आणि थांबावं लागलं तर थांबत जा रे."

"थांबीन ना, साहेब," सोमा म्हणाला. "पहिले तुमचा नंबर लागू द्या."